शिमग्याच्या सुट्टीत कोकणात धबधबा आणि रानफुलं, एकाच फेरीत जमेल का?

डोंबिवलीचा_चाकरमानी
मंडळी, शिमग्याला नेहमीप्रमाणे गावी जाणं आहे. गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. या खेपेला बायकोची मावसबहीण आणि तिचे यजमान सोबत येताहेत. मूळचे नागपूरचे, आता बंगळुरूला असतात, कोकण फक्त फोटोत पाहिलेलं. त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं आहे: तासभर रानातून चालायचं, वाटेत दुतर्फा रानफुलं, आणि शेवटी धबधबा. 'वसंत ऋतू ना, मग फुलं असणारच,' इति ताई.

मी लहानपणापासून शिमग्याला जातोय, पण पालखी, सोंगं आणि काजूच्या बिया भाजणं यापलीकडे रानात फारसा गेलो नाही. तर मार्चच्या मध्यावर सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीच्या बाजूला असं काही दाखवता येईल का? आईचं मत: सरळ तारकर्लीला ने आणि गप्प बस.

मालवणी_खाजा
मार्चात धबधबो? अरे बाबा, थंय आता नुसते दगड आसतत. पावण्यांका न्हाव घालूचा आसात तर बावीर ने. पंप चालू कर, झालो धबधबो.

बाबल_बीएस्सी
वरच्याशी सहमत. आई म्हणतात ते ऐका.

सडेफटिंग
चाकरमानी, तुमच्या पाहुण्यांच्या डोक्यातला फोटो खरा आहे, फक्त तो भाद्रपदातला आहे.

कोकणात वर्षाचा तीन-साडेतीन हजार मिमी पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. घाटाचा कडा उभा, पाणी धरून ठेवायला माती पातळ. खाली सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, जांभा, म्हणजे सच्छिद्र दगड. वरून पाणी पितो आणि खाली सोडून देतो. त्यामुळे सवतसडा, निवळी, सावडाव, उक्षी गावाजवळचं रानपाट, आंबोलीतले रस्त्याकडेचे धबधबे ही सगळी पावसाळी मंडळी. दिवाळीपर्यंत धार बारीक होते आणि संक्रांतीला खडकावर नुसता काळा ओघळ उरतो. मार्चमध्ये सवतसड्यापुढे उभं राहून पाहुण्यांना 'इथून पडतं बरं का' असं हात वर करून सांगावं लागेल.

फुलांचंही तेच. सड्यावरचा गालिचा बघायचा तर गणपतीच्या आसपास या. मार्चमध्ये सडा म्हणजे तापलेला तवा.

पूर्वा_देवरुख
सडेफटिंग, एवढं सरसकट नको. दोन ठिकाणं आहेत.

एक आमचं मारळचं मार्लेश्वर, संगमेश्वर तालुक्यात. गुहेतल्या देवळाच्या समोर धारेश्वरचा धबधबा. पावसाळ्यातलं रूप मार्चमध्ये नसतं, पण धार असते. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि बाजूला खरं रान आहे. संक्रांतीच्या यात्रेत देवाचं लग्न लागतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, शिमग्यानंतर मात्र शांत.

दुसरं तुमच्या घराजवळच, वैभववाडी तालुक्यातलं नापणे. नाधवड्याला महादेवाच्या देवळाजवळ जमिनीतून पाण्याचे उमाळे वर येतात. बुडबुडे येताना दिसतात, मुलांना घेऊन जा. तेच पाणी पुढे नापण्याला पडतं, म्हणून तो बारमाही. २०२५ मध्ये तिथे काचेचा पूलही झाला. उंची फार नाही, पण उन्हाळ्यात निळसर पाणी पडताना बघायला बरं वाटतं. गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे 'तासभर रानातून' हा भाग विसरा.

डोंबिवलीचा_चाकरमानी
पूर्वा, धन्यवाद! नापणे आमच्या गावापासून गाडीने फार लांब नाही आणि मी अजून पाहिलेलं नाही, ही गोष्ट घरात सांगत नाही. पण मग फुलं?

बेडेकर_बाई
वाचतेय.

अंजनी
थोडं सविस्तर लिहिते, कारण 'मार्चमध्ये कोकणात फुलं नसतात' हे वाक्य दरवर्षी कोणीतरी इथे टाकतंच.

फुलं असतात. फक्त ती पायाशी नसतात, डोक्यावर असतात. पावसाळ्यातली फुलं गवताबरोबर येतात, कारण त्या रोपट्यांना चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. झाडांना ती घाई नाही. त्यांची मुळं खोल. पानं गाळून, कोरड्या हवेत, कीटक आणि पक्षी सहज फिरू शकतात तेव्हा ती फुलतात. त्यामुळे कोकणातला वसंत बघायचा तर सड्यावर जायचं नाही, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरायचं.

चाकरमानी, तुमच्या गावच्या मागून डोंगरातून येणारा एखादा व्हाळ असेलच. रत्नागिरीकडे त्याला पऱ्या म्हणतात. मार्चमध्ये तो वाहत नाही, पण पात्रातून दगडांवरून वर चालत जाता येतं आणि मध्ये मध्ये कोंडींत, रांजणखळग्यांत पाणी असतं. ही वाट पावसाळ्यात मिळतच नाही. सकाळी सातला निघा, दहाच्या आत परत.

काय दिसेल? काठाला अंजनी. एरवी कोणी ढुंकूनही न बघणारं झुडूप, पण फुलल्यावर फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट खोडालाच चिकटलेले असतात. फोटो बघून लोक रंग वाढवलाय म्हणतात. (हो, आयडी त्यावरूनच.) उक्षीच्या वेली झाडांवर चढून फिकट हिरव्या फुलांनी भरलेल्या असतात. तिच्या जाड खोडात पाणी असतं, रानात फिरणारे तहान लागली की कापून पितात. तुम्ही कापू नका, बाटली न्या. धायटीच्या शेंदरी-लाल नळ्या, त्यातला मध आपण सगळ्यांनी लहानपणी चोखलाय. करवंदीची पांढरी फुलं आणि हिरवी करवंदं एकाच जाळीत. कुसर, म्हणजे रानमोगरा, आधी वास येतो आणि मग वेल शोधावी लागते. कुंभ्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली गुलाबी-पांढऱ्या केसरांचा सडा पडलेला असतो. नऊनंतर गेलात तर सुकलेला.

आणि नशीब असेल तर सीतेचा अशोक. बागेतला उंच निमुळता नव्हे, तो वेगळाच. हा सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यांकाठी सावलीत वाढतो. फुलांचे गुच्छ खोडातून आणि जुन्या फांद्यांतून येतात, आधी पिवळट-केशरी आणि मग लाल होत जातात. गंमत म्हणजे आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती संदलं असतात, पाकळ्या त्याला नसतातच.

सावर मार्चच्या मध्याला उतरणीला लागलेली असते, पण उशिरा फुललेलं एखादं झाड सापडलं तर त्याखाली बसून राहा. मैना, बुलबुल, कोतवाल, पर्णपक्षी, सगळं गाव तिथे प्यायला येतं. पळस मात्र तुमच्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवू नका, नागपूरकरांनी तो आपल्यापेक्षा दसपट पाहिलेला असतो.

मालवणी_खाजा
अंजनीबाय, झक्कास. पण व्हाळात सकाळी सातला गेल्यास फुलां सोडून आणिक काय काय दिसतला ता पण सांगा. आमच्या गावात सगळेच जण सातला व्हाळातच असत.

अंजनी
:हहपुवा: त्यासाठी वरच्या अंगाला जायचं, वाडीच्या खालच्या नाही.

सडेफटिंग
अंजनी, माहितीबद्दल वाद नाही. पण झाडाची फुलं ती रानफुलं कशी? 'रानफुलं' म्हटल्यावर माणूस खाली वाकून बघतो. मान मोडेपर्यंत वर बघून फांदीतला जांभळा ठिपका शोधणं हा वेगळा छंद झाला.

आता सड्याचं सांगतो. पाऊस सुरू झाला की जूनअखेर-जुलैत कातळाच्या भेगांतून कोकण दिपकाडी वर येते. पांढरी शुभ्र, कांद्यासारखा कंद. जगात फक्त कोकण आणि उत्तर गोव्याच्या सड्यांवर. गंमत अशी, की ती बघायला कोणी येत नाही. सगळे कासला जाऊन रांगेत उभे. मग श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागी सीतेची आसवं, निळी-जांभळी, इवलीशी. इतकी नाजूक दिसते, पण मांसाहारी. मुळाशी सूक्ष्म फुगे असतात, त्यांत पाण्यातले जीव ओढून घेते. शेजारीच दवबिंदू, पानांवरच्या चिकट थेंबांना मुंग्या-माश्या चिकटवणारी. कातळावर माती नाही, नत्र नाही, मग पोट भरायचं कसं? म्हणून हा उद्योग. बरोबर गेंदाची पांढरी बटणं, कवल्याची पिवळी फुलं (हीच ती 'मिकी माऊस'), तेरडा. त्याच सड्यावर कुठेतरी कातळशिल्पं. उक्षीला कातळात कोरलेला हत्ती आहे, आणि जवळच रानपाट पडत असतो. फुलं, धबधबा, हत्ती, तिन्ही एका सकाळी. हे मार्चमध्ये दाखवा बघू.

अंजनी
दाखवते की. हत्ती बारमाही आहे.

बाबल_बीएस्सी
😂😂

कोंडीतला_खवळा
सडेफटिंगना पूर्ण अनुमोदन, पण पावसाळ्यात धबधब्याखाली जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे ऊन असतं आणि घाटावर ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहून येणं, आवाज बदलणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी सेल्फी अर्धवट टाकून वर निघायचं. रायगडात देवकुंडच्या धबधब्यावर माणसं दगावलीत, म्हणून तिथे पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. लोक तरी आडवाटेने जातात. मार्चमधल्या कोरड्या व्हाळात निदान हा धोका नाही, एवढं अंजनीबाईंच्या बाजूने.

गोळ्या_औषधं
मार्चमध्ये तो धोका नाही, दुसरा आहे. कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यात रानात जाणार असाल तर माकडतापाची माहिती असू द्या. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. गोचिडीतून पसरतो. गोचिडीची बाल्यावस्था सर्वांत जास्त असते ती कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे नेमका काजू गोळा करण्याचा आणि तुमच्या वसंताचा हंगाम.

घाबरून घरी बसायचं कारण नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं-लोळायचं नाही, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि साबण लावून आंघोळ. काखा, जांघा, कानामागे बघायचं. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. नंतर ताप आला तर डॉक्टरला 'रानात गेलो होतो' हे आधी सांगायचं. मुंबई-बंगळुरूच्या डॉक्टरला तुम्ही न सांगता ते सुचणार नाही.

डोंबिवलीचा_चाकरमानी
हे वाचून ताईंचे यजमान म्हणाले, 'तारकर्ली कुठे आहे म्हणालास?'

मालवणी_खाजा
तारकर्लेक जेलीफिश आसतत म्हणान सांग.

गोळ्या_औषधं
अहो, वाईट वाटून घेऊ नका. कणकवलीच्या वरच्या बाजूला मी एवढा काळजीत पडणार नाही, पण मोजे खोचायला पैसे पडत नाहीत.

रानवाटा_७७
@अंजनी, सीतेचा अशोक असलेल्या त्या ओढ्याचं नेमकं लोकेशन देता का? मॅपवर पिन टाकलीत तर बरं. आमचा पंचवीस जणांचा ग्रुप आहे.

अंजनी
नाही देणार. रागावू नका. अशोकाची साल औषधाला ओरबाडतात, आणि पंचवीस माणसं एका अरुंद व्हाळातून गेली तरी काठ बसतो. गावातल्या कोणाला तरी विचारा, तो नेईल.

रानवाटा_७७
म्हणजे निसर्ग फक्त जाणकारांसाठी. छान.

पूर्वा_देवरुख
रानवाटा, तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. माझ्या माहेरच्या वाडीत धबधब्यामुळे चार घरं पावसाळ्यात वडापाव, भाजलेली कणसं विकतात, दोन पोरं वाटाडे झालीत. जागा लपवली की हे पण लपतं. अंजनी, हा विचार तुम्ही कराच.

पण दुसरी बाजू पण बघितली आहे. त्याच धबधब्याखाली काचा. पोरं अनवाणी मासे धरायला जायची, आता जात नाहीत.

अंजनी
म्हणूनच म्हटलं ना, गावातल्या माणसाला घेऊन जा. त्याला पैसे द्या. पिन टाकली की माणूस गाडीतून उतरतो, बघतो आणि जातो. वाडीत कोणाशी बोलतच नाही.

सडेफटिंग
या मुद्द्यावर मी अंजनीच्या बाजूने. (तारीख लिहून ठेवा.) सड्यावर फुलांच्या हंगामात गाड्या थेट कातळावर चढवतात. चाकाखाली काय गेलं ते कळतही नाही, कारण सीतेची आसवं बोटभर उंच.

बेडेकर_बाई
देवरहाटीत (देवराईत) जाणार असाल तर चपला बाहेर काढायच्या आणि पानसुद्धा तोडायचं नाही. आमच्याकडे पडलेलं लाकूडही कोणी उचलत नाही. तिथे तुम्हाला मार्चमध्येही थंड वाटेल आणि मोठाल्या वेली दिसतील. गुरवाला किंवा गावकऱ्यांना विचारल्याशिवाय शिरू नका.

आणि मंडळी, फुलांबद्दल एवढं बोललात, सुरंगीचं नाव कोणीच काढलं नाही? फेब्रुवारी-मार्चचं फूल म्हणजे सुरंगी!

अंजनी
बाई, सुटलंच! सुरंगी हवीच.

वेंगुर्ला तालुक्यात आसोलीच्या बाजूला सुरंगीची झाडं मोठ्या प्रमाणात. कळ्या थेट फांदीला लगडतात, आणि उमलायच्या आत काढाव्या लागतात. त्यामुळे पहाटे झाडाखाली जुन्या साड्या, चादरी अंथरून काढणी चालते. ऊन चढलं की फूल उमलतं आणि भाव जातो. ताज्याचे वळेसर, म्हणजे गजरे, होतात, बाकीच्या कळ्या सुकवून व्यापारी नेतात, पुढे त्या अत्तराकडे जातात. सुकलेल्या वळेसराचा वास कपाटात वर्षभर टिकतो.

बेडेकर_बाई
माझ्या सासूबाई सुरंगी फुलली की झाडाखालून जाताना मधमाश्यांच्या आवाजानेच सांगायच्या, आज किती निघेल ते.

कोंडीतला_खवळा
अवांतर: फुलं तोडण्यावरून आठवलं. भाद्रपदात माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळाफुलांच्या चौकटीला, आपण रान केवढं ओरबाडतो! कवंडळ, कांगलां, शेरवड, तेरडा, कळलावी, मिळेल ते. पूर्वी घरामागच्या परड्यात मिळायचं, आता बाजारात ढिगाने विकायला येतं. सगळ्या आळीची माटवी एकाच डोंगरावरून.

बाबल_बीएस्सी
म्हणजे आता गणपतीलाही आडकाठी?

कोंडीतला_खवळा
आडकाठी नाही हो. गौर तेरड्याचीच हवी, आमच्याकडेही तेरड्याचीच येते. तेरडा ढिगाने उगवतो, त्याचं काही बिघडत नाही. पण कळलावी मुळासकट उपटू नका एवढंच. शिवाय ती विषारी, कंद तर फारच. लहान मुलांच्या हाताला लागेल अशी टांगू नका.

मालवणी_खाजा
आमच्या आवाठात माटयेक दोडको आणि काकडी बांधतत. विसर्जनादिवशी भाजी. खयच्याच फुलाक तरास नाय.

बेडेकर_बाई
काकडी आमच्याकडेही असते! विसर्जनाआधीच पोरं खातात.

सडेफटिंग
मूळ विषयाकडे. मार्चबद्दल एक राहिलं: वणवे. शिमग्याच्या आसपास सड्यांवरचं आणि डोंगरउतारावरचं वाळकं गवत पेटवतात. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा समज. एकदा आग लागली की आंबा-काजूच्या बागाही जातात. दुपारी डोंगरउतारावर फिरू नका, आणि बिडीवाला सोबत असेल तर त्याला व्हाळात विझवायला लावा.

रानवाटा_७७
आम्ही ग्रुप सहा-सहा जणांत विभागला आणि देवरुखच्या बाजूला गावातला एक वाटाड्या घेतला. पूर्वा यांनी व्यक्तिगत निरोपातून सुचवल्याबद्दल आभार. पिन टाकणार नाही 🙂

डोंबिवलीचा_चाकरमानी
अपडेट. काल परत आलो.

नापणे सगळ्यांना आवडलं. नाधवड्याचे उमाळे पाहून ताईंचे यजमान तिथेच बसले आणि 'हे पाणी आलं कुठून' यावर जमलेल्या पोरांशी वाद घालत राहिले. दुसऱ्या दिवशी चुलतभावाला घेऊन गावामागच्या व्हाळातून वर गेलो, मोजे खोचून. अंजनी मिळाली. उक्षी मिळाली. कुंभ्याखाली केसरांचा थर होता, पण पोचायला साडेनऊ वाजले. सीतेचा अशोक नाही मिळाला. चुलतभाऊ म्हणाला, 'तो व्हय? तो पलीकडच्या व्हाळात असा, तुमी इचारलाच नाय.'

वेंगुर्ल्याला पहाटे जाणं शक्य झालं नाही, पण ताईंनी बाजारात सुरंगीचा वळेसर घेतला आणि परतीच्या गाडीत डब्यात इतका वास सुटला की समोरच्या बाकावरच्या काकूंनी कुठे मिळाला विचारलं.

सडेफटिंग, ताई आता भाद्रपदात येते म्हणतात. उक्षीला सड्यावर यायचं तर कधी आणि कसं?

सडेफटिंग
गौरी-गणपती विसर्जनानंतरचा आठवडा धरा, तोवर चाकरमान्यांची गर्दीही उतरते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्या सावकाश जातात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. उक्षीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, रत्नागिरीला उतरून पुढे रिक्षा किंवा एसटी. पायात पकड असलेली चप्पल किंवा बूट, कातळावर शेवाळ असतं. आणि छत्री आणू नका, सड्यावरचा वारा पहिल्या पाच मिनिटांत उलटी करतो. रेनकोट आणा.

मालवणी_खाजा
आणि काकडी.